नवरा गेलेल्या मैत्रिणीला कॅम्पिंगला बोलवावं का, आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळिशीतल्या चार मैत्रिणी. दर डिसेंबरला एक रात्र डोंगरात तंबूत काढायची, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. त्यातल्या एकीचा नवरा ऑगस्टमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. घरात दहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. ती मेसेज वाचते, उत्तर देत नाही. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीने विचारलंय, "तिला बोलावलं तर वाटेल, यांना मजा सुचतेय. नाही बोलावलं तर वाटेल, मला वगळलं. ती अजून स्वीकाराच्या टप्प्यावर आलेली दिसत नाही, मग थांबावं का? आणि विचारायचं तर कोणत्या शब्दांत?"

विचारा. या आठवड्यातच विचारा.

मी बावीस वर्षं शोकसमुपदेशनाचं काम करते आणि त्याहून जास्त वर्षं सह्याद्रीत हिंडते. दर हिवाळ्यात, जवळचं माणूस गेलेल्या चार-पाच जणींना घेऊन एका रात्रीसाठी डोंगरात जाते. दुःखातल्या माणसाला आमंत्रणाने लागल्याचं मी फार कमी पाहिलंय. लागतं ते त्याच्या वतीने इतरांनी परस्पर ठरवून टाकलं की. "तिला कशाला विचारायचं, बिचारी कुठे येणार" हे प्रेमापोटीच म्हटलं जातं, मान्य आहे. पण नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला हे वाक्य रोज कुठून ना कुठून येत असतं. डोहाळजेवणाचं बोलावणं येत नाही. ओटी भरायची वेळ आली की तिला अलगद मागे ठेवलं जातं. वास्तुशांतीची पत्रिका सासूबाईंच्या नावाने येते. त्या रांगेत तुमच्या ग्रुपने उभं राहू नये एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

आता ते टप्पे. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही पाच नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ती १९६९ मध्ये मांडली, तीही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना ती नंतर लागू केली गेली. प्रत्यक्षात कोणी पाचवीतून सहावीत जावं तसं या टप्प्यांतून जात नाही. माझ्या कामात जास्त उपयोगी पडलेली मांडणी १९९९ मधली, मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोघांची. त्यांचं म्हणणं असं की शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये झोके घेत असतं. एका टोकाला गेलेल्याची आठवण, त्याचा शर्ट छातीशी धरून रडणं. दुसऱ्या टोकाला बँकेत नाव बदलणं, मुलाची फी, गॅसचा नंबर लावणं, आणि अधूनमधून चक्क हसणंसुद्धा. हे जाणं-येणं म्हणजेच सावरणं. म्हणून तुमच्या मैत्रिणीने कुठल्या टप्प्यावर पोहोचायची वाट बघत बसू नका. चार महिन्यांत ती डोंगरात येऊही शकते आणि तिथे पोहोचल्यावर ढसाढसा रडूही शकते. दोन्हींना जागा ठेवली की झालं.

पण फोन उचलून थेट सहलीचं बोलू नका. आधी भेटायला जा. तेराव्यानंतर माणसं पांगतात. पहिले पंधरा दिवस घरात चपला ठेवायला जागा नसते आणि चौथ्या महिन्यात बेल वाजते ती फक्त दूधवाल्याची. तुम्ही आत्ता जाल त्याचं मोल म्हणूनच जास्त.

गेल्यावर काय बोलायचं याची धास्ती सगळ्यांना असते. मग धास्तीपोटी तोंडातून तयार वाक्यं निघतात. "मुलाकडे बघून सावर." "तू खंबीर आहेस." "देवालाही चांगली माणसंच आवडतात." "निदान हाल तरी नाही झाले." यातलं शेवटचं माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने ऐकलेलं असतं आणि ते वाक्य कोणी म्हटलं हे तिला नावानिशी आठवत असतं. "काही लागलं तर सांग" हेही टाळा. सांगायचं ओझं पुन्हा तिच्यावरच. त्यापेक्षा "मंगळवारी मुलाला क्लासहून मी आणते" असं म्हणा आणि मंगळवारी खरंच आणा.

आणि नवऱ्याचं नाव घ्या. चार महिने झाले की लोक नाव घ्यायचं सोडतात, तिला रडू येईल म्हणून. रडू येतंच, पण ते नावाने आलेलं नसतं. ते आत असतंच, नावाने फक्त वाट मिळते. "मागच्या वर्षी तो आपल्याला पहाटे स्टँडवर सोडायला आला होता आणि सगळ्यांसाठी चिक्की घेऊन आला होता" एवढं साधं बोललात तरी पुरे. पुढचं ती बोलेल किंवा गप्प बसेल. गप्प बसली तर तुम्हीही बसा. चहा गार होऊ द्या.

एक-दोन भेटींनंतर निमंत्रण. मी साधारण असं म्हणते: "दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघी राजमाचीला जातोय. तू आलीस तर मला फार बरं वाटेल. नाही आलीस तरी काही बिघडत नाही. शुक्रवारी रात्रीपर्यंत कधीही सांग, शनिवारी सकाळी नको वाटलं तर गाडीत बसू नकोस. तिथे गेल्यावर नको झालं तर मी तुला घरी आणून सोडते, बाकीच्या थांबतील." नकाराला दार तीन ठिकाणी उघडं आहे: आधी, ऐन वेळी आणि तिथे पोहोचल्यावर. हे तिसरं दार लोक विसरतात. डोंगरात अडकून पडू ही भीती दुःखातल्या माणसाला फार असते. परतीची सोय कोण करणार हे आधीच ठरवून तिला सांगितलं की होकार येण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे. "जरा चेंज मिळेल", "मन रमेल", "विसरायला होईल" हे शब्द मात्र नकोत. तिला विसरायचं नाहीये. उलट आपण विसरून जाऊ याचीच तिला धास्ती आहे.

ती मेसेजला उत्तर देत नाही म्हणता. मग उत्तराची अपेक्षा नसलेला मेसेज पाठवा. "उत्तर देऊ नकोस, फक्त आठवण आली म्हणून लिहिलं." आठवड्यातून एकदा. चारही जणींचा ग्रुप असेल तर सहलीची चर्चा त्यात करू नका, आणि तिला न सांगता नवा ग्रुपही काढू नका. ते हमखास कळतं.

आता सासरचा प्रश्न. तुम्ही तो एका ओळीत लिहिलात, पण सगळं तिथेच अडेल असं मला वाटतं. बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठे हौसेने जायचं नाही, असा पायंडा असतो. दिवाळीत कढई चढत नाही, फराळ शेजारीपाजारी आणून देतात. त्या घरातून सून सॅक पाठीला लावून निघाली तर गल्ली बोलणार. गल्ली बोलते म्हणून तिने जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. पण ती घरी परत येणार आहे आणि तिथेच राहणार आहे, हे आपण विसरायचं नाही. म्हणून सासूबाईंकडे जा. परवानगी मागायला म्हणून जाऊ नका. त्यांचा मुलगा गेलाय, त्यांना भेटायला म्हणून जा. सुनेला भेटायला येणारे खूप असतात, म्हातारीजवळ बसणारं कोणी नसतं. काकूंजवळ बसा, त्याच्या लहानपणचं विचारा. मग सहज सांगा, "काकू, एक रात्र तिला घेऊन जातेय, रविवारी संध्याकाळी आणून सोडते." मी पाहिलेल्या दहातल्या सात-आठ सासवा अशा वेळी "ने बाई" म्हणाल्या आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठरावाने सगळं बदलतं असं नाही, पण एका गावाने हे मोठ्याने बोलून दाखवलं याचा मला आजही फार आधार वाटतो. तुमच्या मैत्रिणीने टिकली लावली असेल किंवा नसेल, त्यावर तुमच्यापैकी कोणी एक अक्षर बोलू नका. "बरं केलंस" हेसुद्धा नको.

यावरून एक प्रसंग सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मी तिघींना घेऊन डोंगरातल्या एका वाडीत राहिले होते. निघताना घरच्या मावशी रीतीप्रमाणे हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. मला लावलं, दुसरीला लावलं. तिसरी उंबऱ्याजवळ थोडी मागे सरकून उभी होती, तिचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते. मावशींना ते आदल्या रात्री चुलीपाशी बोलताना कळलेलं होतं. त्यांचं बोट करंड्यावरच थांबलं. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण हा क्षण येणार हे मला आधी सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं. मावशींनी तिच्याकडे बघून विचारलं, "ताई, लावू का?" ती दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली. मग तिने कपाळ पुढे केलं. उतरताना तासभर ती कोणाशी बोलली नाही. महिन्याभराने माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "त्यांनी मला विचारलं. सहा महिन्यांत कोणी मला काही विचारलंच नव्हतं, सगळे ठरवूनच येत होते."

तेव्हापासून निघायच्या आधी मी हे बोलून घेते. "तिथे कोणी कुंकू लावायला आलं तर तुला काय हवंय? तसं मी बघते." तिला नको असेल तर मावशींना आधी फोनवर सांगता येतं.

जागा. पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री जे चालतं ते या खेपेला नको. स्पीकर, वाढदिवस, शेजारच्या तंबूतला दंगा, त्यात तिला स्वतःचं घर परकं वाटेल इतकं एकटं वाटतं. मी राजमाची सुचवते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी नावाची वाडी आहे. तिथे घरगुती जेवण मिळतं, रात्री तंबूत नको झालं तर कोणाच्या तरी ओसरीत झोपता येतं. लोणावळ्याकडून चालत साधारण १५ किलोमीटर, पण वाट बरीचशी सपाट. कोरड्या दिवसांत कच्च्या रस्त्याने गाडीही वाडीपर्यंत जाते, म्हणजे परतीचं ते तिसरं दार खरंच उघडं राहतं. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट सुंदर आहे, पण चढ अंगावर येतो. या वर्षी ती सोडा. दारू या खेपेला नकोच, त्यावर चर्चाही नको. आणि अवघड कडा, दोर लावायची जागा, घसाऱ्याची वाट यांच्या वाटेला जाऊ नका. दुःखात झोप तुटलेली असते, जेवण निम्म्यावर आलेलं असतं आणि लक्ष टिकत नाही. एरवी सराईत असलेली बाईही पाऊल चुकते. चालताना छातीत दुखलं किंवा धाप लागली तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचे स्नायू तात्पुरते दुबळे होण्याचा विकार खरोखर असतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं, हृदयाचा आकार त्यांच्याकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. निघायच्या आधी एकदा तिच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता सॅक. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही यादीत हे नसतं. तुम्ही लिहिलंय की दर वर्षी तिची सॅक नवराच भरून द्यायचा. म्हणजे ती सॅक मागच्या डिसेंबरपासून माळ्यावर पडलेली असणार आणि त्याच्या हातचं काहीतरी तिच्यात असणार. माझ्यासोबत आलेल्या एका बाईला हेडटॉर्च शोधताना वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी सापडली. तिच्यात डोकेदुखीच्या गोळ्या, दोन सेल, आणि चिठ्ठी, "सेल उलटे घालू नकोस." त्या वेळी आम्ही अंधारात, चढणीच्या मध्यावर होतो, बसायलाही धड जागा नव्हती. तिला तिथेच, वाटेत, खाली बसावं लागलं. आम्ही तिच्या भोवती टॉर्च लावून उभ्या राहिलो. ते घरात व्हायला हवं होतं.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरी जा. सॅक माळ्यावरून काढताना सोबत असा. सगळे कप्पे तिलाच उघडू दे, तुम्ही जमिनीवर बाजूला बसा. काही सापडलं तर ते घेऊन यायचं, घरी ठेवायचं की पुन्हा त्याच कप्प्यात परत ठेवायचं हे तिचं ती ठरवेल. सॅक झटकू नका, धुऊ नका. त्या संध्याकाळनंतर ती येणार नाही म्हणाली, तरी तुमचा शुक्रवार सार्थकी लागला असं समजा.

मुलाला न्यायचं का? तिला विचारा, आणि मुलालाही विचारा. दहा वर्षांच्या मुलाचं दुःख श्रावणातल्या ऊन-पावसासारखं असतं. आत्ता क्रिकेट, पाच मिनिटांनी "बाबांना दुखलं असेल का?", पुन्हा क्रिकेट. खेळतोय म्हणजे त्याला कळलं नाही, असं समजू नका. त्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्या. "बाबा झोपले", "बाबा गावाला गेले" असं कोणी सांगितलं असेल तर मुलं झोपायला घाबरतात किंवा वाट बघत राहतात. तंबूत अंधार झाला की मुलं असे प्रश्न विचारतात, तेव्हा आईऐवजी तुमच्यापैकी कोणालाही विचारेल. तयार राहा.

रात्रीचं एवढंच. शेकोटीभोवती बसून "चला, आता प्रत्येकीने मनातलं बोलूया" असं करू नका. सुरुवातीच्या काळात मी ते केलं होतं. एक मुलगी उठून अंधारात गेली आणि सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. बोलणं मागितलं की आटतं. भाकरी थापताना, भांडी घासताना, शेजारी शेजारी चालताना आपोआप निघतं, कारण तेव्हा कोणी डोळ्यांत बघत नसतं. डिसेंबरात तिथे रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, तर जाड पांघरूण आणि थर्मासभर चहा तिच्या हाताशी ठेवा. दुःखातल्या माणसाला पहाटे तीनच्या सुमारास हमखास जाग येते. तिच्या तंबूत झोपणारीने आधीच सांगून ठेवावं, "जाग आली तर मला उठव, बोलायचं नसलं तरी उठव." ती हसली तर त्याचा गाजावाजा करू नका. "बघ, किती दिवसांनी हसलीस" म्हटलं की ते हसू तिथेच विरतं आणि मागून अपराधी वाटणं येतं. तिचे फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र सहल बाजूला ठेवा. "मला त्याच्याकडे जायचंय", "माझ्याशिवाय मुलाचं नीट होईल" असं ती बोलत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला विश्वासात घ्या आणि लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. एरवी चार महिन्यांच्या दुःखाला आजार म्हणायचं कारण नाही. लांबलेल्या शोकाच्या विकाराचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार सहा महिन्यांच्या आत करत नाहीत, आणि अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी ती मुदत वर्षाची आहे.

ती नाही म्हणाली तर तुम्ही तिघी जा. तिच्यासाठी सहल रद्द केलीत तर त्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर जाईल. येताना वाडीतून नाचणीचं पीठ आणा आणि तिच्या दारात जाऊन द्या. वर्णन तिने विचारलं तर करा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आणि ती आली, तर रविवार संध्याकाळ जपा. डोंगरातल्या रात्रीपेक्षा हा तास कठीण जातो आणि नेमक्या याच वेळी सगळ्या आपापल्या घरी पांगलेल्या असतात. बारा वर्षं सहलीहून परतल्यावर दार त्याने उघडलं, "काय मग, वाघ दिसला का?" म्हणून विचारलं, गरम पाणी काढून ठेवलं. या वेळी ती दारात उभी राहील आणि आतून ते काहीच येणार नाही. गाडी खाली लावून तिला हात करून निघून जाऊ नका. जिना चढून तिच्याबरोबर वर जा. बेल तुम्ही वाजवा. आत गेल्यावर सॅक उतरवून घ्या, गीझर चालू करा, काकूंना राजमाचीचं चार वाक्यांत सांगा. ती अंघोळ करून बाहेर येईपर्यंत चहा टाका, आणि मुलगा पलीकडे बसून आईला प्रवासाचं विचारायला लागला की मग चपला घाला.